वाळूत पुरलेले सूर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझा एक भाचा जहाजावर नोकरीला आहे. आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या मुसलमान वस्त्यांत हे नवल नाही. घरटी एक माणूस बोटीवर असतोच. त्याच्या जहाजावरचे निम्मे सोबती फिलिपिन्सचे. एका सुट्टीत तो घरी आला, तेव्हा अत्तराच्या बाटल्या आणि चॉकलेटांचे पुडे वाटून झाल्यावर त्याने माझ्या हातात एक सीडी ठेवली. म्हणाला, "मामू, तुम्हाला ऑर्गनचं वेड आहे ना? हा घ्या बांबूचा ऑर्गन."

मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. रात्री सगळे झोपल्यावर सीडी लावली. पहिल्यांदा ऐकू आला तो वारा. सूर नव्हे, सुराच्या आधीचा श्वास. बासरीवाला पहिली फुंकर घालतो तेव्हा सूर लागण्याआधी क्षणभर जो 'फू' ऐकू येतो, तो. मग एकदम वीस-पंचवीस बासऱ्या एकाच माणसाने वाजवाव्यात तसा सूर भरून आला. गोड, किंचित घोगरा, आणि खाली कुठेतरी लाकडाचा वास असलेला. सुराला वास असतो का, असं तुम्ही विचाराल. त्या रात्री होता.

त्या ऑर्गनची हकिकत मी नंतर मिळेल तिथून वाचली. दोनशे वर्षांत तो कितीदा मरणाच्या दारात जाऊन आला आणि प्रत्येक वेळी त्याला परत कुणी आणलं, ते आज सांगायचं आहे. ओघात माझी स्वतःचीही एक गोष्ट येईल. ती फारशी भूषणावह नाही.

आधी एक घोटाळा दूर करू. मराठी माणूस 'ऑर्गन' म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर येतो तो संगीत नाटकातला ऑर्गन. रंगमंचापुढच्या खड्ड्यात डावीकडे किंवा उजवीकडे बसलेला, पायांनी भाता मारायचा, शिसवी रंगाचा. बालगंधर्वांच्या गाण्याला हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन, थिरकवा खाँसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी, हे आमच्या मागच्या पिढ्यांचं स्वर्गसुख. पण तो ऑर्गन म्हणजे हार्मोनियमचा थोरला भाऊ. त्याच्या पोटात पितळेच्या पट्ट्या असतात, वारा लागला की त्या थरथरतात आणि बोलतात. पेटीवाले या पट्ट्यांनाच 'सूर' म्हणतात.

पाइप ऑर्गन हे वेगळं प्रकरण आहे. त्यात बोलतात त्या नळ्या. मोठ्या भात्यात वारा साठवायचा, तो एका बंदिस्त लाकडी पेटीत आणायचा, पेटीवर नळ्या रांगेने उभ्या करायच्या. वादकाने पट्टी दाबली की त्या नळीखालची झडप उघडते आणि वारा नळीत शिरतो. बहुतेक नळ्यांचं तत्त्व आपल्या जत्रेतल्या शिट्टीचंच आहे. फरक इतकाच, की बासरीला भोकं असतात आणि बोटं फिरवून एकाच नळीतून आपण सात सूर काढतो. इथे एक नळी एकच सूर देते. जन्मभर एकच. म्हणून प्रत्येक सुराला वेगळी नळी, आणि सुराचा रंग बदलायचा तर नळ्यांची आणखी एक रांग. अशा रांगांवर रांगा चढतात आणि मोठ्या ऑर्गनमध्ये नळ्यांची संख्या हजारांत जाते. काही नळ्या दोन पुरुष उंच, काही पेन्सिलीएवढ्या. हे वाद्य विकत आणून ठेवता येत नाही, ते त्या त्या चर्चमध्येच उभारावं लागतं. एका अर्थाने इमारतच ती.

आणि इमारतीचे सगळे शत्रू त्याचे शत्रू. गळकं छप्पर, ओल, वाळवी, उंदीर, भूकंप, आग. भात्याचं चामडं सुकून तडकतं. झडपेत धुळीचा कण अडकला तरी नळी सतत रडत राहते. यांत एक शत्रू मात्र माझ्या ध्यानात आला नव्हता. तो म्हणजे लढाई, आणि तीही बाँब न टाकता.

नळ्या बहुधा कथील आणि शिशाच्या मिश्रणाच्या असतात. दर्शनी भागातल्या, चमकणाऱ्या नळ्यांत कथील जास्त. पहिल्या महायुद्धात जर्मनीला धातूचा तुटवडा पडला, तेव्हा १९१७ मध्ये सरकारने देशभरातल्या चर्चमधल्या घंटा आणि ऑर्गनच्या दर्शनी नळ्या मागून घेतल्या. 'मागून' हा आपला सभ्य शब्द. हॅम्बुर्गच्या सेंट याकोबी चर्चमधला ऑर्गनही त्यातून सुटला नाही. आर्प श्निटगर या कारागिराने तो १६९३ मध्ये पुरा केला होता. चार हजारांच्या आसपास नळ्या, आणि त्यांतल्या कित्येक त्याच्याही आधीच्या ऑर्गनमधून जपून घेतलेल्या. १७२० मध्ये खुद्द योहान सेबास्टियन बाख या ऑर्गनवर वादक म्हणून नेमणूक मिळावी यासाठी हॅम्बुर्गला आला होता. त्याला ती जागा मिळाली नाही. ज्याला मिळाली त्याने चर्चच्या तिजोरीत चांगली घसघशीत रक्कम भरली. असो, नेमणुकांचे व्यवहार सगळ्या काळांत सारखेच.

त्या ऑर्गनच्या दर्शनी नळ्या वितळवल्या गेल्या. उरलेला धूळ खात पडला. नवा, आधुनिक ऑर्गन घ्यावा असा विचार सुरू झाला. त्याला वाचवलं एका लेखकाने. हान्स हेनी यान हे त्याचं नाव. युद्धात बंदूक धरायला लागू नये म्हणून तो नॉर्वेला निघून गेला होता आणि तिथे वेळ घालवता घालवता ऑर्गन बांधण्याचं शास्त्र शिकला. पंचविशीचा हा तरुण १९१९ मध्ये सेंट याकोबीत गेला, ऑर्गनच्या पोटात शिरला आणि बाहेर येऊन सांगू लागला, की तुम्ही ज्याला अडगळ म्हणता ते सोनं आहे. लोकांना पटावं म्हणून त्यावर कार्यक्रम होऊ लागले. दुरुस्ती सुरू झाली. मग दुसरं महायुद्ध आलं. या खेपेला मात्र लोक आधी जागे झाले. १९४२ मध्ये नळ्या आणि वाऱ्याच्या पेट्या सोडवून सुरक्षित जागी हलवल्या. जून १९४४ मध्ये बाँब पडले, चर्च जळालं, ऑर्गनचा भलामोठा लाकडी सांगाडा जळाला; नळ्या वाचल्या. युर्गेन आरेंड या कारागिराने १९९३ मध्ये तो ऑर्गन पुन्हा त्याच्या मूळ रूपात उभा केला.

एका लेखकाने वाद्य वाचवलं, हे वाचून मला थोडा अभिमान वाटला आणि लगेच शरमही वाटली. शरमेचं कारण पुढे येईल.

आता बांबूकडे वळू. बांबूची एक गंमत अशी, की त्याची गोळी होत नाही, तोफ होत नाही. त्यामुळे त्याला सरकारचं भय नाही. त्याचे शत्रू वेगळे, आणि ते आपल्या ओळखीचे आहेत.

फिलिपिन्सची राजधानी मनिला. तिच्या दक्षिणेला समुद्राकाठी लास पिन्यास नावाचं गाव होतं. होतं म्हणायचं, कारण आता मनिलाच वाढत वाढत तिथवर गेली आहे. मीठ पिकवणाऱ्यांचं आणि कोळ्यांचं गाव. आपल्याकडे उरण-पेणला मिठागरं असावीत तसं. तिथे १७९५ मध्ये दिएगो सेरा नावाचा स्पॅनिश पाद्री आला. आरागॉन प्रांतातल्या ग्राउस गावचा, तेव्हा तेहेतीस वर्षांचा. ऑर्गन बांधणीत त्याचा हात चालत असे. पण आला तेव्हा चर्चच धड नव्हतं. आधी लोकांना बरोबर घेऊन त्याने दगडी चर्च बांधायला काढलं. ते बरंचसं उभं राहिल्यावर, म्हणजे १८१६ मध्ये, ऑर्गन मनावर घेतला.

नळ्यांसाठी त्याने बांबू निवडला. धातू महाग आणि समुद्रापलीकडून आणावा लागणारा, बांबू दारात. पण काटकसर हे एकच कारण असावं असं मला वाटत नाही. त्या मुलखात घर बांबूचं, भांडं बांबूचं, होडीचे आडवे दांडे बांबूचे. ज्या लोकांसाठी वाद्य करायचं त्यांच्या हातांना ओळखीचा जिन्नस त्याने घेतला. वाद्य बिघडलं तर नळी कापून देणारा माणूस गावातच सापडणार होता.

बांबूची अडचण मात्र कोकणातल्या माणसाला सांगायला नको. कोवळ्या बांबूत साखर आणि पिष्ट असतं, आणि त्याला कीड हपापलेली. वर्षाच्या आत कुंपणाच्या बांबूखाली पिवळी भुकटी पडायला लागते, दोन वर्षांत हाताने दाबला तरी काडकन मोडतो. आमच्याकडची जुनी माणसं अवसेच्या आसपासच बांबू तोडायची आणि तोडलेला माणगा, मेस काही दिवस व्हाळाच्या पाण्यात बुडवून ठेवायची. पाण्यात ते गोड द्रव्य झिरपून जातं आणि किड्याला आत खायला काही उरत नाही. चंद्राचं मी सांगू शकत नाही, पाण्याचं मात्र पक्कं आहे.

फादर सेराने हेच केलं, पण मोठ्या प्रमाणावर आणि बेरकी पद्धतीने. तोडलेला बांबू त्याने समुद्रकाठच्या वाळूत कित्येक महिने पुरून ठेवला. खारी ओल, वाळूतले किडे, सगळं त्यावर सुटू दिलं. मग उकरून काढला. जो पोखरला गेला तो फेकला. जो टिकला तोच घेतला. म्हणजे वाद्य बांधायच्या आधीच त्याने त्याच्या शत्रूंना बोलावून परीक्षा घेतली. राखणीची ही तऱ्हा मला फार आवडते. बांबू वाळूत आहे आणि वरून पावसाळा जातो आहे, आणि हा माणूस थांबला आहे. गावात हसलेही असतील लोक.

१८२१ मध्ये ऑर्गन वाजू लागला, पण अपुरा. स्पॅनिश ऑर्गनांची एक खास शोभा असते: पुढच्या बाजूला आडव्या रोखलेल्या तुताऱ्या. त्यांचा तो झणझणीत, फाडत जाणारा आवाज बांबूतून काही निघेना. शेवटी हट्ट सोडून त्या धातूच्या केल्या आणि १८२४ मध्ये काम पुरं झालं. एकूण १०३१ नळ्या, त्यांतल्या ९०२ बांबूच्या, १२९ धातूच्या. शिवाय एक खुंटी ओढली की पाखरं किलबिलतात आणि दुसरी ओढली की ढोल घुमतो, अशी करमणूकही आहे. पाखरांची युक्ती साधी: बारीक नळ्यांची तोंडं पाण्यात. आपल्या जत्रेत मातीच्या चिमणीत पाणी घालून फुंकतात, तीच.

आमच्या घरात फारसीची थोडी हवा होती. मौलाना रूमींची मसनवी बासरीच्या तक्रारीपासून सुरू होते, हे मी लहानपणी नानांकडून ऐकलेलं. वेळूच्या बनातून तोडून आणली म्हणून ती रडते. लास पिन्यासची सीडी ऐकताना मनात आलं, इथे तर नऊशे जणी एकत्र आहेत.

फादर सेरा गेल्यानंतर काय झालं, ते थोडक्यात सांगतो, कारण ते सगळीकडे होतं तेच आहे. भूकंप झाले. तुफानं आली, त्या बेटांवर तुफान म्हणजे दरवर्षीचा पाहुणा. चर्चचं नुकसान झालं. पाऊस आत आला. ऑर्गन आधी बेसूर झाला, मग मुका झाला, मग त्याचे भाग सुटे करून ठेवून दिले गेले आणि वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेल्जियन मिशनरी तिथे आले. त्यांनी ते भाग पाहिले, जमेल तेवढे जोडले आणि ऑर्गन अर्धामुर्धा बोलू लागला. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत शहराच्या तटबंदीतली जुनी चर्चं जवळजवळ सगळी गेली, सान आगुस्तिन तेवढं उरलं. लास पिन्यास बाजूला होतं म्हणून वाचलं.

या सगळ्यात मी अडखळतो तो त्या सुट्या भागांपाशी. कुणीतरी ते ठेवून दिले. वाजत नव्हते, उपयोग नव्हता, जागा अडत होती. बांबूच्या नळ्याच त्या, चुलीत घातल्या असत्या तर एक लग्नाचं जेवण झालं असतं. चर्चमध्ये येणाऱ्या-जाणाऱ्या कितीतरी माणसांच्या हातून हे होऊ शकलं असतं. झालं नाही.

माझ्या हातून झालं.

आमच्या तालुक्याच्या गावात एक वाचनालय आहे आणि त्याला लागून लहानसं सभागृह. तिथे एक पायांनी वाजवायचा ऑर्गन होता. एक नाटकमंडळी बंद पडली तेव्हा कुणीतरी तो तिथे आणून ठेवला होता. मी शाळेत असताना आमच्याच गावातले एक मास्तर तो वाजवीत. गणपतीतल्या नाटकांच्या तालमी सुरू झाल्या की मी खिडकीशी उभा राहायचो. एकदा त्यांनी आत बोलावलं आणि पाय कसे मारायचे ते दाखवलं. म्हणाले, "सूर बोटांत नाही रे, पायांत आहे. वारा तुटला की सूर तुटला." मी पुढे कविता लिहू लागलो तेव्हा हे वाक्य मला फार उपयोगी पडलं. मास्तर दर पावसाळ्याआधी ऑर्गनमध्ये कापराच्या वड्या ठेवायचे, जुन्या पासोडीत तो गुंडाळायचे आणि खाली विटांवर चढवायचे. ते गेले. पासोडी कुणी काढली, विटा कुणी नेल्या, कळलं नाही. उंदरांनी भात्याचं चामडं खाल्लं.

१९९८ मध्ये सभागृहाची दुरुस्ती निघाली. मी तेव्हा कार्यकारिणीवर होतो, सहचिटणीस. बी.ए. झालेला, कविता छापून येत असलेला, म्हणजे समजूतदार माणूस. निकामी सामानाची यादी झाली. मोडक्या खुर्च्या बावीस, पत्र्याचं कपाट एक, गॅसबत्त्या चार, पायपेटी नादुरुस्त एक. यादी सभेपुढे आली. कुणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. मनात आलं नाही असं नाही, आलं होतं. पण उशीर झाला होता, चहा आला होता. मी सही केली. भंगारवाला टेम्पो घेऊन आला. लाकूड वेगळं, पितळ वेगळं. सुरांच्या पट्ट्या त्याने तिथेच पायरीवर बसून पक्कडीने उपटल्या आणि वजन केलं.

वर्षभराने मास्तरांची मुलगी माहेरी आली होती. वाचनालयात आली. मला म्हणाली, "भाई, बाबांचा ऑर्गन आता कुठे ठेवलात हो?" मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही. खोटंच काहीतरी दिलं असणार.

तर लास पिन्यास. १९७० च्या सुमारास तिथल्या लोकांना कळून चुकलं, की अर्धवट डागडुजीने आता भागणार नाही. भाते फुटलेले, नळ्या हरवलेल्या, काही चुकीच्या जागी बसवलेल्या. देशात हे काम येणारं कुणी नव्हतं. जर्मनीत बॉन शहरात क्लाइस नावाची पेढी आहे, १८८२ पासून ऑर्गन बांधणारी. काम त्यांच्याकडे सोपवायचं ठरलं, आणि १९७३ मध्ये अख्खा ऑर्गन सोडवून, गुंडाळून, पेट्यांत भरून परदेशी पाठवला.

हा निर्णय सोपा नव्हता हे आपण समजू शकतो. आपल्याही देशातून किती मौल्यवान वस्तू 'अभ्यासासाठी' गेल्या आणि परत आल्या नाहीत. शिवाय धोका बांबूचाच होता. दीडशे वर्षं दमट हवेत मुरलेला बांबू जर्मनीच्या कोरड्या, हिवाळ्यात तापवलेल्या खोलीत ठेवला तर उभा फुटणार. म्हणून बॉनच्या कारखान्यात त्याच्यासाठी एक वेगळी खोली केली आणि तिथे फिलिपिन्सची हवा तयार केली: तेवढीच ऊब, तेवढीच ओल. बाहेर ऱ्हाइनकाठी थंडी, आणि आत लास पिन्यासचा दमट उन्हाळा. त्या खोलीतून बाहेर पडणाऱ्या जर्मन कारागिरांचे चष्मे धुरकटत असतील, असं चित्र मी आपलं मनाशी रंगवतो.

ऑर्गन तिकडे असताना इकडे गावाने चर्च हाती घेतलं. फ्रान्सिस्को मान्योसा आणि लुडविग आल्वारेझ या वास्तुशिल्पकारांनी मागाहून चढवलेले थर काढून चर्चला त्याचं एकोणिसाव्या शतकातलं रूप परत दिलं. वाद्य परत आल्यावर त्याला पुन्हा गळक्या छपराखाली ठेवायचं नव्हतं. ही अक्कल मला महत्त्वाची वाटते. आपल्याकडे वस्तू दुरुस्त होते आणि पुन्हा त्याच ओलीत जाऊन बसते.

मार्च १९७५ मध्ये ऑर्गन घरी आला. ९ मे रोजी ट्रिअरच्या कॅथेड्रलचे वादक वोल्फगांग ओम्स यांनी त्यावर पहिला कार्यक्रम केला. पुढच्या वर्षापासून दर फेब्रुवारीत तिथे बांबू ऑर्गनचा महोत्सव भरू लागला. बाहेरदेशीचे वादक येतात, तिथली मुलं गातात. ऑर्गनच्या दृष्टीने ही केवळ हौस नव्हे. न वाजणाऱ्या नळीत धूळ बसते, कोळी जाळं विणतो, कुंभारीण माशी घर करते. झडप फार दिवस बंद राहिली की चामडं चिकटून बसतं. जो रोज वाजतो त्याचं दुखणं त्याच दिवशी कळतं. कपाटात ठेवलेल्याचं कळतं ते भंगाराची यादी करताना.

इथे ही हकिकत संपली असती तरी ती चांगलीच होती. पण मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. १९७५ नंतर काही फिलिपिनो तरुण युरोपात, जर्मनी-ऑस्ट्रियातल्या कारखान्यांत, ऑर्गन बांधणी शिकायला गेले. शिकून परत आले आणि त्यांनी लास पिन्यासमध्येच स्वतःचा कारखाना काढला. नाव ठेवलं दिएगो सेरा यांचंच. २००३ मध्ये बांबू ऑर्गनला राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर केलं गेलं आणि त्याच सुमारास तो पुन्हा मोठ्या दुरुस्तीला आला. या खेपेला पेट्या बांधाव्या लागल्या नाहीत. जहाज लागलं नाही. काम गावातच, गावातल्या कारखान्यातल्या माणसांनी केलं. त्यांनी नंतर देशातल्या इतर बेटांवरचे, बोहोलसारख्या ठिकाणचे, जुने स्पॅनिश ऑर्गनही बोलते केले.

लास पिन्यासची आणखी एक ओळख सांगण्याचा मोह आवरत नाही. अमेरिकन सैन्याने महायुद्धानंतर टाकून दिलेल्या जीपगाड्या लांबवून, रंगवून फिलिपिनो लोकांनी त्यांच्या प्रवासी गाड्या केल्या. जीपनी म्हणतात तिला. त्या बनवणारा सर्वांत नावाजलेला कारखाना याच गावचा. टाकलेल्या वस्तूकडे बघण्याची त्या गावाची नजरच वेगळी असावी.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामू, आमच्या जहाजावर एक जण त्याच गावचा आहे. त्याला त्या ऑर्गनचं काही कौतुक नाही. लहानपणापासून ऐकतोय म्हणाला." मला हे फार छान वाटलं. आमच्या मुलांना ऑर्गनचं कौतुक असतं, कारण तो फोटोत असतो.

हल्ली शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत, प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, एक जुना पायपेटीचा ऑर्गन सापडला आहे. मी आणि दोघे मित्र जाऊन बघून आलो. लाकडाला एका कोपऱ्यात वाळवी लागलेली. भाता गेलेला. झाकण उघडून आत टॉर्च मारला तर पितळेच्या पट्ट्या सगळ्या रांगेत, एकही उपटलेली नाही. मी बराच वेळ टॉर्च तसाच धरून उभा होतो. मुख्याध्यापकांना विनंती केली, की निर्लेखनाच्या यादीत तेवढा घालू नका. त्यांनी मान्य केलं. खाली विटा लावल्या. कापूर आम्हीच घेऊन गेलो होतो.

मग पेटी दुरुस्त करणाऱ्याचा शोध सुरू झाला. जिल्ह्यात पूर्वी चार-पाच जण होते. आता एकच, बहात्तर वर्षांचे. त्यांच्या घरी गेलो. अंगणात झोपाळ्यावर बसले होते. मी म्हटलं, "काका, एक ऑर्गन आहे." त्यांनी आधी विचारलं, "सूर आहेत का जागेवर?" आहेत म्हटल्यावर उठून बसले. दुसऱ्याच रविवारी एस.टी.ने शाळेत आले. अर्धा तास आत डोकं घालून बसले. बाहेर आले तेव्हा केसांना कोळ्याचं जाळं. म्हणाले, "भात्याचं चामडं बदलायचं, झडपांचं बदलायचं. दोन महिने लागतील. पैसे जमतील तसे द्या."

मग थोडं थांबून म्हणाले, "पण एक पोरगा द्या माझ्या शेजारी उभा राहायला. नुसता बघायला. एकट्याने करणार नाही मी हे."

शाळेच्या फळ्यावर सूचना लावून आता तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात कुणी आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात दोघे आले, किती मिळतील विचारून गेले. गेल्या शनिवारी नववीतला एक मुलगा आला. वडील सुतारकाम करतात म्हणाला. ऑर्गनभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून पायपट्टी दाबून पाहिली. नुसता फुस्स आवाज झाला. "वारा कुठून जातोय?" त्याने विचारलं.

काकांनी त्याला बसायला स्टूल दिलं.